नव्या क्रेटाची वाट पाहायची की आहे ती घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडचं कुटुंब, घरात पाच माणसं. सध्या २०१३ ची डिझेल हॅचबॅक आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली वाकून गाडीत बसणं त्यांना जमत नाही. ह्युंदाईची क्रेटा पसंत पडली आहे, ऑन-रोड १८ लाखांपर्यंत तयारी आहे. महिन्याला हजारेक किलोमीटर होतात आणि गाडी आठ-दहा वर्षं वापरायची आहे. मेहुणा म्हणतो, "थांब, नवी क्रेटा येतेय, आता घेतलीस तर वर्षात जुनी होईल." शोरूममधला मुलगा म्हणतो, "सर, याच महिन्यात बिलिंग करून टाकू, स्कीम एकतीस तारखेपर्यंतच आहे." आता करायचं काय?

माझं उत्तर आधीच सांगतो: तुम्ही आत्ता घ्या. पण या महिन्याच्या एकतीस तारखेच्या धाकानं घेऊ नका, आणि शोरूमवाला दाखवेल ती पहिली गाडी उचलू नका. दुसऱ्या कुणी हाच प्रश्न विचारला असता तर कदाचित मी "थांबा" म्हणालो असतो. म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. आधी वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो, मग सेल्सला गेलो, आणि गेली नऊ वर्षं साताऱ्यात जुन्या गाड्यांचं व्हॅल्युएशन करतो. त्यामुळे गाडी नवी असतानाही पाहतो आणि दहा वर्षांनी विकायला येते तेव्हाही.

मेहुण्याचं म्हणणं हवेतलं नाही, हे आधी मान्य करू. क्रेटा भारतात पहिल्यांदा आली जुलै २०१५ मध्ये. मे २०१८ मध्ये तिचा फेसलिफ्ट झाला, मार्च २०२० मध्ये पूर्ण नवी दुसरी पिढी आली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिचा फेसलिफ्ट. म्हणजे आज शोरूममध्ये उभी आहे ती २०२० च्या सांगाड्यावर २०२४ चा चेहरा लावलेली गाडी. पहिली पिढी पाच वर्षंसुद्धा चालली नव्हती, त्या मानानं हिचं वय झालंय. आणखी एक खूण आहे. किया सेल्टोस आणि क्रेटा एकाच घराण्यातल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सेल्टोस आली आणि सात महिन्यांनी त्याच हाडांवरची क्रेटा. जुलै २०२३ मध्ये सेल्टोसचा फेसलिफ्ट, सहा महिन्यांनी क्रेटाचा. आता जानेवारी २०२६ मध्ये नव्या पिढीची सेल्टोस बाजारात आली आहे. तेव्हा पुढची क्रेटा येणार हे उघड आहे. फक्त या ठोकताळ्यावरून तारीख काढत बसू नका. कंपनी स्वतः दिवस जाहीर करत नाही, तोवर तारीख ठरलेली नसते. कापडात गुंडाळलेल्या गाडीचे फोटो टेस्टिंगचे असतात, त्यावरून शोरूमचा दिवस कळत नाही.

आणि समजा, तारीख कळली. ती लाँचची तारीख. तुम्हाला हवी आहे किल्ली हातात पडायची तारीख, आणि या दोन तारखांमध्ये केवढं अंतर पडू शकतं हे महाराष्ट्रातल्या लोकांनी २०२२ मध्ये अनुभवलं आहे. स्कॉर्पिओ-एनची किंमत २७ जून २०२२ ला जाहीर झाली. बुकिंग ३० जुलैला उघडलं आणि अर्ध्या तासात एक लाखाच्या वर गेलं. डिलिव्हरी सुरू झाल्या २६ सप्टेंबरला. जाहीर झालेली सुरुवातीची किंमत पहिल्या २५ हजार बुकिंगांपुरती होती, बाकीच्यांना डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव. गाडी चाकणला बनत होती, आपल्यापासून दीड-दोनशे किलोमीटरवर. तरी काही व्हेरियंटचं वेटिंग वर्षाच्या पुढे गेलं. त्याच्या आदल्या वर्षी एक्सयूव्ही ७०० चं असंच झालं होतं, तेव्हा वर चिपचा तुटवडाही होता.

क्रेटाचंच उदाहरण घ्या. २०२० च्या सुरुवातीला लोक जुनी क्रेटा सोडून नवीसाठी थांबले होते. १६ मार्चला नवी लाँच झाली आणि २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. शोरूम बंद, आरटीओ बंद. जुनी गाडी आधीच विकून बसलेल्यांचे ते दोन महिने कसे गेले, मला माहीत आहे. ही घटना रोज घडणारी नाही, हे खरं. पण "चार महिन्यांनी घेऊ" म्हणताना त्या चार महिन्यांत काय होईल ते आपल्या हातात नसतं.

फलटणचं एक शिक्षक जोडपं माझ्याकडे आलं होतं. कुठली गाडी ते सांगत नाही, कारण असं कुठल्याही कंपनीच्या गाडीबाबत होतं. त्यांनी नव्या मॉडेलचं बुकिंग केलं आणि जुन्या गाडीला भाव चांगला येतोय म्हणून त्याच आठवड्यात ती विकून टाकली. डीलरनं तोंडी सांगितलं होतं, "तीन महिने." लागले अकरा. त्या अकरा महिन्यांत मुलीचं लग्न झालं. पत्रिका वाटण्यापासून पाठवणीपर्यंत सगळं भाड्याच्या गाडीत. मधल्या काळात किंमत दोनदा वाढली आणि बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात छापलेलंच होतं की डिलिव्हरीच्या दिवशी असेल तो दर लागू. त्यांची तक्रार कुणीही ऐकून घेतली नाही, कारण सही त्यांचीच होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: तुमच्या नावावर चॅसिस नंबर अलॉट झाल्याचं लेखी मिळेपर्यंत जुनी गाडी विकायची नाही.

मग थांबणं कधीच शहाणपणाचं नसतं का? असतं. २०२५ चा सप्टेंबर आठवा. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार असं सांगितलं, ३ सप्टेंबरला कौन्सिलनं दर ठरवले आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. क्रेटासारख्या चार मीटरच्या वरच्या, दीड लिटर इंजिनाच्या गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्के होते, ते ४० झाले. ३ सप्टेंबरनंतर मला ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी थांबायला सांगितलं. दिवस ठरलेला होता, किती रुपये वाचणार तेही ठरलेलं होतं आणि मिळणारी गाडी तीच होती. एवढं हातात असलं की थांबण्याचा हिशेब मांडता येतो. नव्या पिढीची वाट पाहताना यातलं काहीच हातात नसतं. दिवस माहीत नाही, किंमत माहीत नाही, आपल्याला हवा तो व्हेरियंट पहिल्या लॉटमध्ये येणार की नाही तेही माहीत नाही. सुरुवातीच्या लॉटमध्ये कंपन्या बहुधा वरचे व्हेरियंट आधी काढतात, मधल्या पायरीवाला मागे राहतो. तुमचं बजेट मधल्या पायरीचं आहे.

आता तुमच्या घराचा हिशेब. आकडे समजण्यापुरते धरा, तुमचे खरे आकडे त्या जागी घाला. समजा आत्ताच्या मॉडेलवर एक्स्चेंज बोनस धरून ६० हजार सुटतात. नव्या पिढीची तीच पायरी ५० हजारांनी महाग निघाली. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे त्या ५० हजारांवर आणखी ६ हजार. जुनी हॅचबॅक आणखी वर्षभर ओढायची तर क्लच, चार टायर, सस्पेन्शनचं किरकोळ, असे ५० हजार कुठे गेले नाहीत. शिवाय वर्षभरात तिचा स्वतःचा भाव ३० हजारांनी उतरेल. २०१३ च्या डिझेलचं १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन २०२८ ला संपतं, आणि ते वर्ष जवळ येईल तसा घेणारा हात आखडता घेतो. हे सगळं मिळून होतात १ लाख ९६ हजार. थांबण्याची ही किंमत आहे. तिच्यासाठी वेगळी पावती फाडावी लागत नाही, म्हणून घरात कुणी धरत नाही.

समोरच्या पारड्यात काय? रिसेल. नवी पिढी आली की जुन्या चेहऱ्याच्या गाडीचा भाव पडतो, हे मी रोज पाहतो. तुम्ही तीन वर्षांत गाडी बदलणारे असता तर मी हा मुद्दा फार गंभीरपणे घेतला असता. तीन वर्षांच्या गाडीत आकार जुना म्हणून लाख-सव्वा लाख सहज कमी सांगावे लागतात. पण नऊ-दहा वर्षांची गाडी माझ्यासमोर येते तेव्हा मी पिढी बघत नाही. सर्व्हिस रेकॉर्ड, खालून गंज, क्लेम किती झालेत, किती किलोमीटर, मालक कितवा, हे बघतो. तुम्ही दहा वर्षं वापरणार आहात, तेव्हा "वर्षात जुनी होईल" हे मेहुण्याचं वाक्य त्याच्या गाडीला लागू असेल, तुमच्या नाही.

पण दहा वर्षं वापरणार म्हणूनच दुसरा एक मुद्दा जड होतो, आणि इथे मी शोरूमवाल्याच्या बाजूनं बोलणार नाही. फेसलिफ्टमध्ये बंपर, दिवे, स्क्रीन बदलतात, सांगाडा बहुतेक तोच राहतो. पिढी बदलते तेव्हा सांगाडा बदलतो. दहा वर्षं तुमची माणसं ज्याच्या आत बसणार तो सांगाडा. एप्रिल २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेनं दुसऱ्या पिढीच्या क्रेटाची दोन एअरबॅगची गाडी आपटून पाहिली, तेव्हा तिला पाचपैकी तीन तारे मिळाले होते आणि सांगाडा अस्थिर असल्याचा शेरा होता. फेब्रुवारी २०२३ पासून सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आले, ही मोठी सुधारणा आहे. म्हणून मी २०२२ ची, कमी किलोमीटरची क्रेटा स्वस्तात मिळते म्हणून घ्यायचा सल्ला तुम्हाला देणार नाही. नवीच घ्या. आणि ताऱ्यांचा विषय तुमच्या घरात सगळ्यात वरचा असेल, तर नव्या क्रेटाची वाट पाहण्याऐवजी आज बाजारात असलेल्या, भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तशाच चाचणीत, पाच तारे मिळवलेल्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहा. ताऱ्यांसाठी वर्षभर कमी सुरक्षित हॅचबॅक चालवत राहणं यात मला अर्थ दिसत नाही.

नव्यात काय येईल याचा अंदाज हवा असेल तर सेल्टोसच्या शोरूममध्ये जाऊन या. नव्या सेल्टोसची लांबी ४,३६५ वरून ४,४६० मिलिमीटर झाली आणि दोन चाकांमधलं अंतर २,६१० वरून २,६९०. मागच्या सीटवर फरक जाणवतो. इंजिनं मात्र तीच तीन: दीड लिटर साधं पेट्रोल, दीड लिटर टर्बो पेट्रोल आणि दीड लिटर डिझेल. ही तिन्ही आत्ताच्या क्रेटातही आहेत. म्हणजे इंजिनासाठी थांबत असाल तर थांबण्यासारखं काही नाही. आणि मोठी, नव्या सांगाड्याची गाडीच हवी असेल तर ती आजच विकली जातेय (जानेवारी २०२६ मध्ये १०.९९ लाखांपासून आली), नावाची पाटी तेवढी वेगळी. टाटा सिएराही नोव्हेंबर २०२५ मध्ये ११.४९ लाखांच्या सुरुवातीच्या किमतीला आली आहे. या नव्या गाड्यांमुळे क्रेटाच्या डीलरवर दाब आहे, त्याचा फायदा घ्या.

पेट्रोल की डिझेल, हे दोन ओळींत. महिन्याला हजार किलोमीटरला साधं पेट्रोल पुरेसं आहे. डिझेलला गाडीही महाग आणि रोड टॅक्सही १४ टक्के. साधारण १५ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी टॅक्स, विमा, एक टक्का टीसीएस (गाडी घेताना आगाऊ घेतला जाणारा आयकर) धरून तुमच्या १८ लाखांत बसते. तो टीसीएस रिटर्न भरताना परत मिळतो, विसरू नका.

पहिल्या लॉटबद्दल वर्कशॉपच्या बाजूनंही एक सांगायचंय. लाँच होऊन तीन महिने झालेलं एक मॉडेल खंबाटकी घाटात ठोकर खाऊन आमच्याकडे आलं होतं. नुकसान फार नव्हतं: डावा हेडलाइट, बंपर, फेंडर. बंपर आणि फेंडर दहा दिवसांत आले. हेडलाइटला सात आठवडे लागले, कारण जेवढे दिवे तयार होत होते तेवढे कारखान्यात नव्या गाड्यांवरच चढत होते. विम्यानं पैसे दिले, पण सात आठवडे गाडी शेडमध्ये उभी होती आणि मालक रोज सकाळी फोन करायचा. आत्ताच्या क्रेटाचा प्रत्येक पार्ट पुण्या-कोल्हापुरात मिळतो, आणि कराडात बाहेरच्या गॅरेजवाल्यालाही तिची नस ठाऊक आहे. नव्यासाठी थांबायचंच ठरवलं, तर लाँचच्या दिवसाऐवजी त्यानंतरचा सहावा महिना धरा. तोवर सॉफ्टवेअरच्या कुरबुरी निस्तरलेल्या असतात आणि वेटिंगही ओसरतं.

आता घेताना काय बघायचं, कारण मॉडेल उतरणीला लागलं की खरा धोका यार्डात असतो. जुना स्टॉक आधी खपवला जातो. गेल्या दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकासोबत हायवेलगतच्या एका स्टॉकयार्डात गेलो होतो. गाडी चकचकीत धुतलेली, सीटवर प्लास्टिक. मी खाली बसलो आणि टायरच्या बाजूला 'DOT' ही अक्षरं असलेली ओळ शोधली. तिच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे ०९२५ होते, म्हणजे टायर फेब्रुवारीअखेरचे. पूर्ण पावसाळा गाडीनं उघड्यावर काढला होता. रिमच्या आत हात घातला, डिस्कच्या कडेला गंजाची जाड पापडी हाताला लागली. बॉनेट उघडलं तर आतल्या फेल्टचा कोपरा कुरतडलेला आणि बॅटरीमागे उंदरानं ओढून आणलेलं गवत. फॉर्म २२, म्हणजे गाडीसोबत येणारं कंपनीचं प्रमाणपत्र, मागितला, त्यात बनावटीचा महिना मार्च. विकणारा मुलगा म्हणाला, "सर, आतून कोरीच आहे." आम्ही ती सोडली आणि आठ दिवस थांबून दीड महिन्यापूर्वी बनलेली घेतली. सूट पाच हजारांनी कमी मिळाली, तरी मला तो सौदा योग्यच वाटतो.

तेव्हा पैसे भरण्याआधी ज्या गाडीचं बिल होणार त्याच गाडीचा चॅसिस नंबर मागा आणि फॉर्म २२ वरचा महिना बघा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर ठीक. वर्ष उलटलेला स्टॉक, म्हणजे डिसेंबरमध्ये बनलेली जानेवारी-फेब्रुवारीत देत असतील, तर जास्तीची सूट मागा. आरसीवर बनावटीचा महिना-वर्ष छापलेलं असतं आणि विकताना समोरचा तेच वर्ष धरतो. सूट बिलावर दिसली पाहिजे. "तेवढ्या किमतीच्या अ‍ॅक्सेसरी देतो" याला होकार देऊ नका, सीट कव्हर आणि मॅट बाहेर निम्म्यात होतात. हँडलिंग चार्जेस नावाची ओळ असेल तर कशाचे ते विचारा आणि काढायला सांगा. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही, दोन बाहेरचे कोटेशन हातात ठेवा.

स्कीमच्या तारखेला घाबरू नका. महिनाअखेरची स्कीम पुढच्या महिन्यात नव्या नावानं येते, मी स्वतः तशी नावं बदलून पत्रकं छापलेली आहेत. नवी पिढी जाहीर झाली, की उरलेल्या स्टॉकवर सूट आणखी वाढते. पण तेव्हा रंग आणि व्हेरियंट तुमच्या पसंतीचा राहत नाही. त्या शेवटच्या सवलतीची वाट पाहायला तुमच्याकडे गाडी धड हवी, आणि घरात वडिलांच्या गुडघ्यासारखी घाई नको. तुमच्याकडे दोन्ही उलट आहे. तुमची हॅचबॅक पाच वर्षांची असती, वडील ठणठणीत असते आणि तीन वर्षांत गाडी बदलायची सवय असती, तर मी तुम्हाला निवांत थांबा म्हणालो असतो.

बुकिंग करण्याआधी वडिलांना दोन्ही शोरूममध्ये घेऊन जा, क्रेटाच्या आणि सेल्टोसच्या. सकाळी न्या, दिवसभराच्या दुखण्यानंतर नको. पुढचं दार पूर्ण उघडून आधी त्यांना सीटवर टेकू द्या, मग पाय आत घेऊ द्या. टेकताना गुडघा किती वाकतो आणि उतरताना तळवा सरळ जमिनीला लागतो की पाय लोंबकळतो, ते बाजूला उभं राहून बघा. असं चार-पाच वेळा करायला लावा, मागच्या दारानंही. पहिल्या वेळी सगळे "जमतंय की" म्हणतात, चौथ्या वेळी चेहऱ्यावर दिसतं. साइड स्टेप लावून देतो असं कुणी सांगितलं तर तीसुद्धा आधी लावलेल्या गाडीवर त्यांना चढवून बघा. कित्येकांना ती पायरी उतरताना मध्ये येते.